हिंगणघाट : एका रसिकाचे गाव

वर्धा जिल्ह्यात जाणारा प्रवासी बहुधा दोन स्थळांच्या ओढीने जातो : एक सेवाग्राम, दुसरे धाम नदीच्या काठचे पवनार. आम्हीही त्याच वाटेने निघालो. परंतु चित्रपट आणि क्रिकेट ही दोन व्यसने सोबत घेऊन निघालो. आश्रमाच्या वाटेवर अशी शिदोरी नेणे शिष्टसंमत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही या जिल्ह्याने आमची निराशा केली नाही.

सेवाग्रामास महात्माजी १९३६ साली राहावयास आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. १९४० पासून ते सेवाग्राम झाले. मातीच्या भिंतींची बापूकुटी पाहताना मनात एक विचार आल्यावाचून राहात नाही. महात्माजींस चित्रपटाचे वावडे होते. १९४४ साली जुहू येथे दाखविलेला विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ हा त्यांनी पाहिलेला एकमेव हिंदी चित्रपट म्हणून सांगितला जातो. आणि त्यांचीच भूमिका वठविण्यात नटांनी आपली कसोटी मानली! १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटात बेन किंग्जले यांनी तरुण बॅरिस्टरापासून थकलेल्या वृद्धापर्यंतचे सारे आयुष्य उभे केले व ऑस्कर मिळविले. तथापि आमचे मत विचाराल, तर २००६ च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’तील दिलीप प्रभावळकर यांच्याकडे आमचा कल अधिक आहे. किंग्जले आपणांस आदराने उभे करतात. प्रभावळकर शेजारी बसवून घेतात. त्या कुटीतील जमिनीवरची साधी बैठक पाहिल्यावर आमचे हे मत अधिकच दृढ झाले.

सेवाग्रामाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हिंगणघाट लागते. वणा नदीच्या काठी वसलेले हे गाव कापसाच्या पेठेसाठी पूर्वापार प्रसिद्ध. परंतु आमच्या लेखी त्याची थोरवी निराळीच आहे. २६ डिसेंबर १९१४ रोजी येथे एका संपन्न जमीनदार घराण्यात मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म झाला. बाबा आमटे या नावाने जग त्यांस ओळखते. पण तारुण्यात हे गृहस्थ चित्रपटांचे निस्सीम भक्त होते, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. ‘पिक्चरगोअर’ या नियतकालिकासाठी ते परीक्षणे लिहीत. ग्रेटा गार्बो आणि नॉर्मा शिअरर या हॉलिवुडच्या ख्यातनाम अभिनेत्रींशी त्यांचा पत्रव्यवहार होता. कोठे वऱ्हाडालगतचा हा कापसाचा मुलूख, आणि कोठे ती मायानगरी!

या दोघींच्या नशिबाचा खेळ पाहण्यासारखा आहे. १९३० च्या नोव्हेंबरात ऑस्करचा समारंभ झाला, तेव्हा दोघीही स्पर्धेत होत्या. ‘द डिव्होर्सी’तील भूमिकेसाठी पारितोषिक शिअररबाईंस मिळाले. गार्बोस ते स्पर्धेत कधीच लाभले नाही; पुढे केवळ एक सन्मान तेवढा देण्यात आला. पण ‘क्वीन क्रिस्तिना’च्या (१९३३) अखेरीस जहाजाच्या नाळेवर उभा असलेला तिचा निश्चल चेहरा पाहावा. दिग्दर्शक मामूलिअन यांनी तिला मनात काहीही न आणण्यास सांगितले होते म्हणतात. आणि प्रेक्षक मात्र त्या चेहऱ्यावर स्वतःचे सारे दुःख वाचतो. पारितोषिकावरून अभिनय मोजू नये, याचा याहून मोठा दाखला कोणता?

क्रीडेच्या मैदानावरही हाच न्याय लागू आहे. वर्ध्यास जन्मलेला गोलंदाज दर्शन नळकांडे याने २० नोव्हेंबर २०२१ रोजी दिल्लीस, सय्यद मुश्ताक अली करंडकाच्या उपान्त्य सामन्यात, कर्नाटकाच्या डावातील शेवटच्या षटकात लागोपाठ चार चेंडूंवर चार फलंदाज बाद केले. असा पराक्रम शतकातून एखादाच. आणि निकाल काय? कर्नाटक १७६, विदर्भ १७२. अवघ्या चार धावांनी पराभव! त्या रात्री विदर्भातील किती घरांत जेवणाची ताटे थंडावली असतील! पुढे २०२४ च्या मार्चमध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात ५३८ धावांचे लक्ष्य समोर असता विदर्भाने ३६८ पर्यंत झुंज दिली व मुंबईपुढे हार पत्करली. पुढल्याच हंगामात तो करंडक नागपुरास आला, हे खरे. पण जुने दुःख नव्या विजयाने पुसले जात नाही, हे रसिकासच कळते.

मग हे सारे वेड व्यर्थ म्हणावे काय? घरोघरी वडीलधारी मंडळी मुलांस हाच प्रश्न करतात. त्यांनी हिंगणघाटाहून त्याच गाडीने पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्यास जावे. तेथे भर पावसात पडलेल्या तुळशीराम नावाच्या महारोग्याचा चेहरा पाहून बाबा प्रथम घाबरून पळाले; मग आपल्याच भयाची लाज वाटून परतले, आणि त्यांनी त्याची शुश्रूषा केली. त्यातूनच आनंदवन उभे राहिले. सुंदर मुखे न्याहाळण्यात ज्या डोळ्यांनी तारुण्य घालविले, तेच डोळे विद्रूप मुखावर स्थिरावले. एकाने दुसऱ्याची तयारी केली, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु दुसऱ्याच्या सुखदुःखात जीव गुंतविण्याची सवय वाया जातेच असे नाही. या महारोगीसेवेस परदेशांतून ज्यांनी आरंभी साह्य पाठविले, त्यांत नॉर्मा शिअररही होत्या. एका चाहत्याच्या पत्रांस आलेले याहून सुंदर उत्तर आमच्या ऐकिवात नाही.