शेंडा खुडताना

तुमच्या बॅकयार्डात दुधीचा वेल कुंपण ओलांडून शेजाऱ्यांकडे पोचलाय, फुलं भरभरून येतायत आणि दुधी मात्र एकही धरत नाही, असं झालंय का कधी? आमच्याकडे न्यू जर्सीत सलग दोन उन्हाळे हेच चाललं होतं. मी आपली खत घालत राहायचे, तेही लॉनसाठी आणलेलं, नत्राने भरलेलं. वेल नुसता हिरवागार व्हायचा.

तिसऱ्या वर्षी आई आली. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. वाईच्या घरात जिच्या पायाला भिंगरी असायची ती बाई इथे सोफ्यावर बसून असायची. मी तिला कशाला हात लावू द्यायचे नाही. आराम कर म्हणायचे. एकदा ती म्हणाली, "अगं, मी आलेय, का मला आणून ठेवलंयस?" मला उत्तर सुचलं नाही.

जूनच्या शेवटी ती मागे गेली आणि वेलाचा शेंडा खुडून आली. मी ओरडलेच. केवढा वाढवला होता मी तो! ती शांतपणे म्हणाली, "मुख्य वेलावर नर फुलंच जास्त. फुटवे फुटू देत, त्यांवर मादी फुलं येतील." खताची पिशवीही तिने गॅरेजात परत पाठवली.

फुटवे आले, फुलं आली. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. तोवर मधमाश्या घरी गेलेल्या असतात, सगळी भिस्त रात्रीच्या पतंगांवर. आईने तेही काम स्वतःकडे घेतलं. नर फुलाचा देठ लांब आणि बारीक, तर मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी. नर फूल तोडून पाकळ्या मागे सारायच्या आणि मधला परागांचा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. धरलं तर चार-पाच दिवसांत दुधी फुगायला लागतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. आणि कोवळा असतानाच काढायचा. वेलावर जून होऊ दिला, की पुढची फळं धरणं मंदावतं.

त्या उन्हाळ्यात आम्ही तेवीस दुधी काढले. हलवा झाला, चणाडाळ घालून भाजी झाली, शेवटी शेजाऱ्यांनाही वाटले. वाटायला आईच जायची, मोडक्या इंग्रजीत कृती सांगत.

आता ती वाईला असते. मी दर जूनमध्ये शेंडा खुडते, आणि दरवेळी हात थोडा अडखळतोच. संध्याकाळी आठला फोन हातात धरून तिला फुलं दाखवते. तिच्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. "कालचं धरलं का गं?" हा तिचा पहिला प्रश्न. माझी खुशाली ती त्यानंतर विचारते.

तुमच्याकडे या उन्हाळ्यात आई-वडील येणार असतील, तर वेलाकडे त्यांनाच पाहू द्या.