सहा मीटरचे घर

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. एकीने लिहायचे, दुसऱ्याने वाचून "हे असे नव्हते झाले" म्हणायचे, मग पुन्हा लिहायचे. म्हणून यात 'मी' नाही, 'आम्ही' आहोत. जिथे दोघांची मते वेगळी पडली तिथे सोयीसाठी एकाला मियाँ म्हटले आहे आणि दुसरीला बीबी.

आमच्या लग्नाला २८ वर्षे झाली. लग्नानंतर सातव्या महिन्यात मियाँ कुवेतला गेले आणि पुढची २७ वर्षे तिथे ट्रेलर चालवला. दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांची रजा. हिशेब केला तर एवढ्या वर्षांत आम्ही एका छपराखाली जेमतेम सव्वादोन वर्षे राहिलो. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांचा हिशेब असाच निघेल. हजला गेलो तेव्हाही सोबत पन्नास माणसांचा काफिला होता, आणि खोल्या बायकांच्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या.

मागच्या डिसेंबरात मियाँ कायमचे परत आले आणि आमचे वाद सुरू झाले. वाद घरावरून. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी कुवेतच्या पैशातून बांधलेले दुमजली चिरेबंदी घर आहे. मुंबईचा एक माणूस ते घ्यायला तयार होता. इसार देतो म्हणत होता आणि मे अखेरपर्यंत हो की नाही ते कळवा म्हणाला होता. मियाँचे म्हणणे, "मुलगी मिलानला, मुलगा पुण्याला. वरच्या खोल्यांची कुलपे गंजली. मी तर त्या घरात पाहुण्यासारखाच राहिलो. विकू आणि पुण्यात मुलाजवळ दोन खोल्या घेऊ." बीबीचे म्हणणे, "चिऱ्यांचा ट्रक आला की मोजून कोणी घेतले? भिंतींवर पाणी कोणी मारले? सासूबाईंच्या तोंडात शेवटचे पाणी याच माजघरात घातले. तुम्ही घराला पैसे दिलेत, आयुष्य दिले ते मी." दोघांचेही खरे होते, म्हणून वाद मिटत नव्हता.

एप्रिलमध्ये नातवाच्या अकिक्यासाठी मिलानला गेलो, तर तिथेही तेच. दोन आठवडे ऐकून मुलगी म्हणाली, "अब्बा, अम्मी, तुम्ही दोघंच असे कधी कुठे गेला आहात?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. नव्हतो गेलो. चार दिवसांनी जावयाने नऊ दिवसांसाठी भाड्याच्या कॅम्परव्हॅनचे कागद हातात ठेवले. गाडी इटलीच्या दक्षिणेला, बारी शहरात घ्यायची. मियाँकडे आंतरराष्ट्रीय परवाना होता, आणि उजव्या बाजूने गाडी हाकण्याची सवय कुवेतची. नकाराला कारण उरले नाही.

कॅम्परव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. आमची गाडी सहा मीटर लांब. मागे पलंग, मध्ये दोन शेगड्या, एक बेसिन, छोटा फ्रिज आणि कपाटाएवढे संडास-बाथरूम. पाण्याची टाकी १०० लिटरची. घरी मोटर सोडली की टाकी भरते, त्यामुळे पाण्याचा हिशेब आम्हाला माहीतच नव्हता. पहिल्या दिवशी भांडी, अंघोळी, वुजू यांत संध्याकाळपर्यंत नळ कोरडा! दुसऱ्या दिवसापासून मग घेऊन बसलो. पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर, वुजू करत असत. ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकलेली, पण मोजून कधी पाहिली नव्हती. मग मोजून पाहिली. पाणी पुरते, उरतेसुद्धा.

सांडपाण्याची टाकी आणि संडासाची पेटी ठरवून दिलेल्या जागीच रिकामी करायची असते. ती पेटी रोज मियाँनी उचलली. बीबी म्हणाली, "२८ वर्षांत घरातली बादली उचलताना पाहिले नव्हते." मियाँ म्हणाले, "२८ वर्षांत घरात होतो कुठे?" यावर दोघेही हसलो. त्याआधी केव्हा हसलो होतो ते आठवत नाही.

इटलीत अशा गाडीसाठी एक नियम आहे. रस्त्यावर गाडी लावून आत झोपता येते, पण चाकांखेरीज गाडीचे काहीही जमिनीला टेकता कामा नये. पायरी, खुर्ची, छत्री बाहेर काढली की तो मुक्काम ठरतो, आणि मुक्काम फक्त ठरलेल्या जागी. आम्ही बहुतेक रात्री शेतकऱ्यांच्या आवारात किंवा कॅम्परच्या तळावर काढल्या. जुन्या गावांच्या आतल्या रस्त्यांवर बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि तोंडाशी कॅमेरे असतात. एका गावात आम्ही पाटी न वाचता आत शिरलो. दंडाची नोटीस पुढे मिलानच्या पत्त्यावर आली. चूक आमचीच होती. पण त्या दिवशी "नकाशा तुझ्या हातात होता" आणि "डोळे तुमच्या कपाळावर होते" असे खूप झाले. घरी असे झाले की एक जण माडीवर जातो, एक अंगणात. इथे रुसून जायला दुसरी खोली नव्हती. अर्ध्या तासाने बीबीने चहा टाकला, आणि तो प्यायला मियाँना तिच्या समोरच बसावे लागले.

खाण्याची काळजी होती, ती लवकर मिटली. हा भाग गरिबीत वाढलेला, त्यामुळे इथले जुने जेवण डाळी, भाजी, मासे आणि ऑलिव्ह तेल यांचेच. सुक्या बाकल्याच्या डाळीचे घोटलेले पिठले आणि वर शिजवलेली कडवट चिकोरीची भाजी, हे पुलिया प्रांतातले घरोघरचे पक्वान्न. आल्तामुराचा पाव म्हणजे कडक गव्हाचा रवाळ आटा, आंबवण, मीठ आणि पाणी, एवढेच. मात्र एक शब्द आम्ही पहिल्याच दिवशी पाठ केला, 'स्ट्रुट्टो', म्हणजे डुकराची चरबी. काही ठिकाणी रोटीच्या पिठात ती घालतात, म्हणून बेकरीत आधी विचारायचे. ताराल्ली नावाची कुरकुरीत कडी दिसायला आपल्या खाऱ्या बिस्किटांसारखी, पण पिठात वाइन असते, म्हणून ती नाही. विचारले की कोणी वाईट मानले नाही. एका बेकरीतल्या बाईंनी तर स्वतःच मान हलवून आम्हाला एका थाळीपासून दूर केले आणि दुसरीकडे बोट दाखवले.

बारीच्या जुन्या वस्तीत एका गल्लीत बायका दारात पाट मांडून रव्याच्या पिठाचे पास्ते करतात. पिठाची वळी सुरीने दाबून ओढायची आणि अंगठ्यावर उलटायची. झाला छोटा कान! नावही 'ओरेक्किएत्ते', म्हणजे छोटे कान. बीबी तिथेच थांबली. ईदच्या आधी आमच्या ओटीवर हातशेवया वळायला बायका बसतात, त्या हातांची चाल हीच. एका आजींनी पिठाचा गोळा बीबीच्या हातात दिला. पहिले चार कान बिघडले, पाचवा जमला. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती.

नमाजचे म्हणाल, तर आम्ही कोकणी, शाफई. मुसाफिराला चारच्या दोन रकात, आणि जोहर-असर किंवा मगरिब-इशा एकत्र पढता येते. घरी आपला किबला पश्चिमेला, इथे आग्नेयेला. गाडीत दोघांना शेजारी उभे राहायला जागा नाही, म्हणून मियाँ गाडी लावतानाच तिचे नाक आग्नेयेकडे करून लावत. मग पुढे मियाँ आणि मागे बीबी, अशी जमात होई. दोघांचीच जमात आमच्या घरी क्वचितच झाली होती.

वाटेतली गावे जावयाने निवडली होती, पण प्रत्येक ठिकाणी आम्हाला घरच भेटले. आल्बेरोबेल्लोला टोपीसारख्या दगडी छपरांची गोल घरे आहेत, त्यांना त्रुल्ली म्हणतात. आपल्याकडे गडगा रचतात तशी चुन्यामातीविना नुसता दगडावर दगड ठेवून बांधलेली. नवी वस्ती वसवली की राजाचा कर पडे. तो चुकवण्यासाठी तिथल्या सरदाराने रयतेला अशीच घरे बांधायला लावली, तपासणीला माणूस आला की पाडता यावीत म्हणून, असे सांगतात. १७९७ मध्ये तो जाच संपला. पिढ्यान्‌पिढ्या माणसे अशा घरात राहिली, जे एका हुकमावर पाडावे लागेल!

मातेरात डोंगराच्या कड्यात कोरलेली हजारो वर्षांची वस्ती आहे. एका खोलीत आईबाप, मुले आणि खेचरसुद्धा. रोगराई आणि बालमृत्यू फार. १९५२ मध्ये सरकारने कायदा करून सुमारे १५ हजार माणसांना तिथून नव्या वसाहतींत हलवले. त्यानंतर बरीच वर्षे कडा ओस पडला. १९९३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले, आणि ज्या गुहांची एकेकाळी देशाला लाज वाटे, तिथे आज हॉटेले आहेत. चौकाखाली कोरलेला प्रचंड हौद पाहिला. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी साठवायची ती जागा उतरून पाहताना आमच्या १०० लिटरच्या टाकीची आठवण झाली. मियाँ म्हणाले, "घर सोडून हे लोक सुखी झाले असतील, पाणी आले, वीज आली." बीबी म्हणाली, "झाले असतील. पण त्यांना विचारले होते का?" त्या रात्री आम्ही प्रथमच आमच्या घराविषयी आवाज न चढवता बोललो.

शेवटचे गाव लुचेरा. ते मात्र आम्ही स्वतः मागून घेतले होते. सिसिली बेटावर मुसलमानांची दोनशेहून अधिक वर्षे सत्ता होती. पुढे ती गेली, तरी प्रजा तिथेच राहिली. १२२० च्या दशकात सम्राट फ्रेडरिक दुसरा याने बंड करणाऱ्या या मुसलमानांना उचलून समुद्रापलीकडे लुचेराला आणून वसवले. इतिहासकार त्यांची संख्या १५ ते २० हजार सांगतात. उखडून आणलेली माणसे, पण त्यांनी जमीन कसली, मशीद उभारली, आपला काझी ठेवला. त्यांचे तिरंदाज सम्राटाच्या फौजेत नावाजलेले होते. राजे बदलले. १३०० च्या ऑगस्टमध्ये नेपल्सचा राजा चार्ल्स दुसरा याने वस्तीच मोडली. माणसे गुलाम म्हणून विकली गेली, अनेक मारली गेली. मशीद गेली आणि राजाने तिथे मोठे चर्च बांधवले.

आम्ही त्या चर्चसमोर उभे राहिलो. आत मोजकी माणसे शांत बसली होती. त्यांचा यात काही दोष नाही, ते त्यांच्या गावात आहेत. मग टेकडीवरच्या किल्ल्याकडे गेलो. सुमारे नऊशे मीटर घेराची तटबंदी, आत गवत. खाली नजर पोचेल तिथवर गहू, मे महिन्याच्या वाऱ्यात हलणारा. मुसलमानांची एखादी खूण दिसेल म्हणून आलो होतो. दिसला तो गहू.

किल्ल्याखाली गाडी आग्नेयेकडे तोंड करून लावली आणि जोहर-असर पढलो. ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी दुवा मागितली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बीबी म्हणाली, "पंच्याहत्तर वर्षे. म्हणजे आजोबाने घर बांधले असेल, आणि नातवाला वाटले असेल, हे आपलेच गाव." मियाँ म्हणाले, "त्यांना कोणी विकायचे की ठेवायचे असे विचारले नाही. आपल्याला अल्लाहने विचारायची मुभा दिली, आणि आपण भांडत बसलो."

थोड्या वेळाने मियाँ पुन्हा म्हणाले, "खरे सांगू? मला ते घर नको होते असे नाही. त्यात माझी जागा कुठे आहे तेच कळत नव्हते. ताटाळे कुठे, दिव्याचे बटण कुठे, सगळे तुला माहीत. या गाडीत दोघेही नवे होतो, म्हणून बरे वाटले." बीबीला हे ठाऊक नव्हते. ती म्हणाली, "आणि मला वाटायचे, घर गेले की माझी एवढी वर्षे कोणी मोजणारच नाही."

तिथेच ठरले. आधी त्या घरात दोघांनी मिळून एक पूर्ण वर्ष राहायचे. विकायचे की नाही ते मग. परत येताच मुंबईच्या माणसाला नम्रपणे नाही कळवले. त्याला वाईट वाटले, पण इसार घेतलेला नव्हता.

आता आठ महिने होत आले. वरच्या खोल्यांची कुलपे तोडून नवी लावली. मियाँनी २७ वर्षांत कोकणातला अख्खा पावसाळा पाहिला नव्हता, तो पाहिला, आणि पागोळ्यांखाली कोणत्या भिंतीला ओल येते तेही त्यांना कळले. नळाखाली तांब्या ठेवून वुजू करायची सवय राहिली आहे. वाद होतात. माडी मोकळी असूनही बहुतेक वेळा कोणी तिकडे जात नाही.

आखातातून माणूस परत येतो तेव्हा घरचे त्याची बॅग उतरवून घेतात, पाहुणचार करतात आणि समजतात की तो आला. यायला त्याला वेळ लागतो, आणि घरातल्या बाईलाही त्याला जागा करून द्यायला वेळ लागतो. त्या दिवसांत मोठे निर्णय घेऊ नयेत, एवढेच आमचे वाचकांना सांगणे. त्यासाठी इटलीला जायची गरज नाही. मुले सोबत नसताना दोघांनीच कुठे चार दिवस जावे. पाणी जपून वापरावे लागेल अशी जागा असली तर अधिक चांगले. आमचे वर्ष मेमध्ये पुरे होईल. इन्शाअल्लाह, जे ठरेल ते दोघांचे असेल. दुवेत आठवण ठेवा.