वस्तीवरची दुनळी

अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीवरून दक्षिणेस पाहिले असता गोदावरीपर्यंत उतरत गेलेला जो काळ्या मातीचा मुलूख दृष्टीस पडतो, त्यात उसाच्या फडांच्या आणि मोसंबीच्या बागांच्या मधून, गावापासून अर्धा-पाऊण कोस दूर, पत्र्याची छपरे असलेल्या ज्या एकाकी वस्त्या विखुरलेल्या आहेत, त्यांपैकी एक माझी. 2021 सालच्या मार्गशीर्षात आमच्या बांधाला बांध लागून असलेल्या वस्तीवर रात्री दरोडा पडला. आलेली माणसे चार होती की सहा, हे त्या घरातील कोणालाही नंतर निश्चयाने सांगता आले नाही. कुऱ्हाडीच्या दांड्यांनी त्यांनी कर्त्या पुरुषाचा हात मोडला आणि सत्तरी ओलांडलेल्या आजीच्या कानांतील सोन्याची फुले पाळीसकट ओढून नेली. सकाळी मी तेथे गेलो तेव्हा पंचनामा चालू होता, आणि आजी, कानाला हळद दाबून धरून, पंचांसाठी चहा ठेव म्हणून सुनेला सांगत होती. ते पाहिल्यावर आपल्या घरात शस्त्र असलेच पाहिजे असा निश्चय मी परत येतानाच्या पायवाटेवर केला. मात्र कोणते, हे मला ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक करून घेण्यात माझी पुढची दोन वर्षे गेली.

शस्त्रांविषयीचे माझे तोवरचे ज्ञान खंडेनवमीच्या पाटापुरते होते. त्या पाटावर विळा, कुऱ्हाड, कोयता मांडून आम्ही हळदकुंकू वाहत असू. आजोबांच्या काळी तेथे एक ठासणीची बंदूकही असे. रझाकारांच्या धामधुमीत त्यांनी ती गोठ्याच्या आढ्यात दडवली होती आणि सप्टेंबर 1948मध्ये पोलीस कारवाई होऊन निजामी अंमल संपल्यानंतर ती सरकारजमा केली, असे वडील सांगत. नळीत दारू ओतावी, वर बोळा ठासावा, मग शिसे, पुन्हा बोळा, आणि एवढे करून एकदा बार काढला की ती बंदूक केवळ दांडक्याच्या उपयोगाची, हेही आजोबांचेच म्हणणे. परंतु लहानपणी त्यातील अर्थ माझ्या ध्यानी आला नाही. मनात घर केले होते ते गुप्तीने. आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातील जांब गावी 1608 साली जन्मलेल्या समर्थांची कुबडी सज्जनगडावर जतन केलेली आहे, आणि तिच्या पोटात गुप्ती आहे. शाळकरी वयात ती पाहिल्यापासून, संरक्षणाचे शस्त्र म्हणजे दुसऱ्याला न दिसता आपल्या हाताशी असलेले पाते, अशी माझी समजूत झाली होती. म्हणून दरोड्यानंतर आठ दिवसांच्या आत, एका नातलगाने आणून दिलेला, खटका दाबताच उघडणारा चाकू मी उशीखाली ठेवू लागलो.

माझे चुलतमामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. संक्रांतीला ते आले असता मी तो चाकू त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी त्याचे पाते एकदा उघडून मिटवले आणि काही न बोलता मक्याची दोन सोललेली कणसे गेरूच्या पाण्यात बुडवून आणावयास सांगितले. अंगणात आम्ही दोघे जुने पांढरे सदरे घालून समोरासमोर उभे राहिलो. "हा चाकू समज, आणि मला मार," ते म्हणाले. अर्ध्या मिनिटात सगळे आटोपले. माझ्या सदऱ्यावर गेरूचे नऊ ओरखडे होते, त्यांतील दोन मानेशी आणि एक कोपराच्या आतल्या बाजूस; आणि अडुसष्ट वर्षांच्या, सारे आयुष्य शस्त्रविद्येत घालवलेल्या त्या माणसाच्या सदऱ्यावर, माझ्यासारख्या नवख्याने केलेले पाच.

"आता यात जिंकलं कोण, ते सांग."

मला सांगता येईना. तेव्हा ते म्हणाले, "चाकूनं अंतर राहत नाही. ज्याच्यापासून जीव वाचवायचा, त्याच्याच मिठीत जावं लागतं. आणि आलेले चौघं असले म्हणजे?"

नवशिक्या माणसाला सुरीचे जे आकर्षण वाटते त्याचे मूळ मला त्या दिवशी कळले. ती स्वस्त असते, लहान असते, तिला शिकण्याची गरज नाही असे वाटते, आणि भीतीने व्याकूळ झालेल्या मनाला मुठीत काहीतरी धारदार असल्याचा दिलासा ती तत्काळ देते. वस्तुतः जवळून वापरावयाच्या शस्त्रास सर्वांत दीर्घ अभ्यास लागतो, आणि तो अभ्यास असलेल्यासही रक्त सांडल्यावाचून सुटका नसते. शिवाय कायद्याचाही विचार होता. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते असलेले सुरे, खंजीर, तलवारी आणि गुप्त्या 2016च्या शस्त्र नियमांच्या सूचीत गणलेल्या आहेत. घरकामाची व शेतीची अवजारे तेवढी वगळली आहेत. आणि सणावाराच्या आगेमागे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37खाली जो शस्त्रबंदीचा हुकूम निघतो, तो अमलात असताना साधा सुराही बाळगून रस्त्याने फिरणे हा गुन्हा होतो. ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला आपल्याकडे 'एक कोयता' म्हणतात. पोट भरण्याच्या त्या अवजाराला उशीखालचे हत्यार करावे, हे मला आता फार विपरीत वाटते. चाकू मी मामांच्या स्वाधीन केला. त्यांनी त्याच्या बदल्यात भरीव वेळूची पाच फुटी काठी तासून दिली आणि ती दाराच्या उजव्या कोपऱ्यात नेमून ठेवावयास सांगितले.

बंदुकीचा विचार मात्र माझ्या मनातून गेला नाही, आणि मामांनीही तो घालवण्याचा यत्न केला नाही. शस्त्र अधिनियम 1959चा. तो 1 ऑक्टोबर 1962पासून अमलात आहे. परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांचा. अर्जाबरोबर शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि शस्त्र हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखला द्यावा लागतो, आणि पोलिसांकडून वर्तणुकीची व कारणाची खातरजमा होऊन अहवाल गेल्यावाचून कागद पुढे सरकत नाही. 2019च्या दुरुस्तीने एका माणसाजवळ तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली आहे. चौकशीस आलेल्या अधिकाऱ्यांनी मला शांतपणे एक प्रश्न विचारला: जिवाला धोका कोणापासून? मला कोणाचेही नाव सांगता आले नाही. माझा शत्रू नावाचा नव्हता, चेहऱ्याचाही नव्हता. तो रात्रीचा होता. मी शेजारच्या वस्तीची हकीकत सांगितली, ती त्यांनी लिहून घेतली. परवाना हाती पडेपर्यंत दीड वर्ष लोटले, आणि आज मला त्या विलंबाबद्दल कृतज्ञता वाटते, कारण तेवढ्या अवधीत मी एका नेमबाजी केंद्रावर जाऊन शिकलो.

माझा ओढा आरंभी रिव्हॉल्व्हरकडे होता. कानपूरच्या सरकारी कारखान्यातील .32चे, सहा काडतुसांचे. तेथेच 2014 साली 'निर्भीक' नावाचे, अर्धा किलो वजनाचे, स्त्रियांना सोयीचे म्हणून काढलेले रिव्हॉल्व्हर तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होते. त्याची माहिती काढली ती पत्नीलाही चालवता यावे म्हणून. परंतु केंद्रावर, दहा पावलांवरच्या माणसाएवढ्या कागदावर, भर दुपारी, कोणीही अंगावर येत नसताना मी झाडलेल्या सहा गोळ्यांपैकी दोनच कागदाला लागल्या. आखूड नळीचे हत्यार खिशात मावते, पण मनगट जरासे हलले तरी गोळी बरीच दूर जाते. उरलेल्या चार गोळ्या मातीच्या बांधात गेल्या. माझ्या घरी तेथे मातीचा बांध नाही, मुलीची खाट आहे.

म्हणून इच्छापूरच्या कारखान्यातील बाराबोरची दुनळी ठरली. बाराबोर म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हते: एका पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले असता त्यांतील एक ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी. दोन हातांनी धरून दस्ता खांद्याला लावला की ही बंदूक नवख्याच्या हातातही स्थिर राहते. मात्र तिच्याविषयी लोकांत जो समज आहे, की छर्रे पसरतात म्हणून नेम धरावा लागत नाही, तो पूर्ण चुकीचा आहे. मी कोरे कागद लावून पाहिले. चार पावलांवर सगळे छर्रे मिळून मुठीएवढे भोक पडते. घरातल्या अंतरावर नेम चुकला म्हणजे सगळाच बार चुकला. दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. आमच्या घराच्या दोन भिंती विटांच्या आणि दोन पत्र्याच्या. पश्चिमेच्या पत्र्यापलीकडे सालगड्याची खोली. केंद्रावर पंधरा पावलांवर जुना पत्रा उभा करून मी त्यावर एल. जी.चे, म्हणजे मोठ्या छर्र्यांचे, काडतूस झाडले, तेव्हा एकही छर्रा पत्र्याने अडवला नाही. घरी येऊन मी खडूने जमिनीवर रेघा ओढल्या आणि कोणत्या दिशेस आपण कधीही, काहीही झाले तरी, बार काढावयाचा नाही हे नक्की केले. चारांपैकी एकच दिशा उरली, पूर्वेची, जिकडे विहिरीचा दगडी कठडा आहे.

बंदूक भिंतीतल्या लोखंडी कपाटात, काडतुसे निराळ्या डब्यात, किल्ली माझ्या गळ्यात. पत्नीने घड्याळ धरले आणि दिवा मालवून मी झोपेतून उठल्यासारखा उठलो. पहिल्या रात्री दोन काडतुसे भरून उभे राहण्यास मला जवळजवळ दोन मिनिटे लागली. महिनाभराच्या सरावाने ती चाळीस सेकंदांवर आली. दार फोडणाऱ्याला एवढा वेळ लागतो का? आमच्या दाराला त्या वेळी साधी कडी होती. मी दुसऱ्याच दिवशी सागाचा अडसर बसवला.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना माझा हात जड होतो. 2024च्या जानेवारीत, पौषातल्या कडाक्याच्या थंडीत, रात्री दीडच्या सुमारास कुत्रा विहिरीच्या रोखाने भुंकू लागला. चाळीस सेकंदांचा सराव असूनही माझ्या हातून एक काडतूस खाली पडले. अडसर काढून मी ओट्यावर आलो. विहिरीजवळ, स्टार्टरच्या पेटीपाशी, डोक्यावरून घोंगडी घेतलेला एक इसम वाकलेला होता आणि त्याच्या हातात लोखंडी काहीतरी चमकत होते. "कोण आहे?" म्हणून मी ओरडलो. उत्तर आले नाही. पुन्हा ओरडलो. तो वळला आणि हात वर करून माझ्याकडे चालू लागला. पूर्व दिशा, दगडी कठडा, माणूस, सर्व काही मी खडूने आखल्याप्रमाणे होते. मी दस्ता खांद्याला लावला आणि खटका पुढे सारला. बोट तेवढे चापाच्या बाहेर होते, कारण लक्ष्य ओळखल्यावाचून बोट आत न्यायचे नाही, हे मामांनी शेकडो वेळा माझ्याकडून घोटवून घेतले होते. तेवढ्यात पत्नीने मागून अंगणातला मोठा दिवा लावला.

तो शेजारच्या वस्तीवरचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. शेतीची थ्री-फेज वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, त्यांच्या डीपीवरचा फ्यूज गेला होता, आणि आमच्या पेटीत तार मिळेल म्हणून, कोणाची झोप मोडू नये अशा विचाराने, तो पाना घेऊन परस्पर आला होता. घोंगडीच्या आत कानात गाणी लावलेली असल्यामुळे माझी हाक त्याला ऐकू गेली नाही. "काका, मी हाय की," म्हणून तो हसला, आणि मग त्याने माझ्या हातात काय आहे ते पाहिले.

खासगी बचावाच्या हक्कात रात्रीच्या घरफोडीपुरती कायद्याने मोठी मुभा दिली आहे. तेव्हाच्या दंडसंहितेत तो हक्क कलम 96 ते 106मध्ये होता, 1 जुलै 2024पासून न्याय संहितेच्या 34 ते 44मध्ये आहे. परंतु गरजेहून अधिक इजा करू नये ही त्याची पहिली अट आहे, आणि त्या रात्री ओट्यावर उतरण्याचीच मला गरज नव्हती. दार बंद होते, अडसर घातलेला होता, कोणीही तो फोडत नव्हते. मी दोन्ही काडतुसे काढून तळहातावर घेतली आणि उजाडेपर्यंत तेथेच बसून राहिलो. ज्या आजीच्या तुटलेल्या कानाने मला शस्त्राकडे वळवले, तिचाच तो नातू. तिला मी हे आजवर सांगितलेले नाही.

त्यानंतर मी बंदुकीसाठी एकच जागा ठरवली: आतली खोली, दार बंद, घरातली सगळी माणसे माझ्या पाठीशी, आणि दार प्रत्यक्ष फुटत असेल तरच. बाहेर जावयाचे काम दिव्याचे, कुत्र्याचे आणि हाकेचे. आम्ही पाच वस्त्यांनी पोलीस पाटलांना बसवून नेम केला, की रात्री कोणी कोणाच्या रानात जाण्यापूर्वी फोन करावा आणि बांधावरूनच नाव घेऊन हाक द्यावी. धोक्याच्या वेळी शिट्टी वाजवावी, आणि ती ऐकणाऱ्या प्रत्येक घराने दिवे लावून 112ला फोन करावा. हा नेम आजतागायत पाळला जातो.

त्याच वर्षी, लोकसभेच्या वेळी आणि पुन्हा विधानसभेच्या वेळी, आचारसंहितेमुळे शस्त्र जमा करण्याची नोटीस मला आली, आणि दोन्ही वेळा काही आठवडे दुनळी ठाण्यात व तिची पावती माझ्या कपाटात होती.

आपल्यापैकी जे कोणी वस्तीवर राहतात आणि शस्त्रासाठी अर्ज करण्याच्या विचारात आहेत, त्यांना मी परावृत्त करीत नाही. एवढेच करावे, की एका अमावास्येस सर्व दिवे मालवून, घरातल्या प्रत्येक माणसाला त्याच्या नेहमीच्या जागी निजवून, रिकाम्या हातांनी अंथरुणापासून दारापर्यंत चालून पाहावे, आणि प्रत्येक भिंतीपलीकडे कोण निजलेले आहे ते मोठ्याने म्हणावे. अर्ज त्यानंतर लिहावा.