चित्रपट संपल्यावर

माझ्या बालपणी जळकोटात सरकारी गाडी येई आणि चौकात ताणलेल्या पांढऱ्या कापडावर माहितीपट दाखविले जात. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण दिसला, की वडीलधारे आम्हा मुलांना घरी पिटाळीत. ते चिन्ह साऱ्या गावाच्या ओळखीचे झाले. मात्र त्याविषयी घरात कुणी चकार शब्द काढीत नसे.

हे आठवले ते दवाखान्यात आलेल्या एका आजींमुळे. मुलगा-सून पुण्याला, महाविद्यालयात शिकणारा नातू त्यांच्यापाशी. दोघांनी रवी जाधव यांचा २०१३ चा 'बालक-पालक' पाहिला. मोठ्यांनी उत्तरे टाळली, की मुले ती भलतीकडे शोधतात, हेच त्यात दाखविले आहे. चित्रपट संपल्यावर नातवाने निरोधविषयी विचारले आणि आजी उठून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

"लेकराला काय सांगू, डॉक्टरसाहेब?" त्यांचा स्वर अपराधी होता.

मी म्हणालो, "एवढंच सांगा. गोळ्यांनी किंवा तांबीनं गर्भधारणा टळते, रोग टळत नाहीत. निरोध नीट वापरला तर गर्भधारणेबरोबर एचआयव्ही आणि गुप्तरोगांचा धोकाही पुष्कळ कमी होतो. पुढचं विचारायला त्याला माझ्याकडे पाठवा."

र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ मध्ये. शतक उलटले, तरी आपली जीभ अडखळतेच. चित्रपटाने प्रश्न ओठांवर येतो. तो पुन्हा गिळायचा की नाही, हे समोरच्या वडीलधाऱ्याच्या चेहऱ्यावर ठरते.

चार दिवसांनी तो मुलगा आला. म्हणाला, "आजीनं पाठवलंय."