सुधारलेलं उत्तर

एफवायला असताना मी राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं. वर्षाला १२० तास काम भरायचं होतं. अंध विद्यार्थ्यांसाठी रायटर हव्यात असं कळलं आणि मी लगेच हात वर केला. घरी आई म्हणाली, "पुण्य लागेल." मलाही तसंच वाटत होतं. पुढच्या चुकांचं मूळ तिथेच आहे. मी उपकार करायला निघाले होते, आणि ज्याच्यावर उपकार करायचे तो आपल्यापेक्षा उणा असणार, हे मी मनाशी आधीच धरून चालले होते.

ज्या अंध मुलीची रायटर म्हणून मला नेमलं, ती ताई टीवायला होती, विषय इतिहास. इंग्रजी पुस्तकं ती लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून ऐकायची, इतक्या वेगानं की मला त्यातला एक शब्द कळत नसे. अडायचं ते मराठीपाशी. संदर्भाच्या कित्येक मराठी पुस्तकांच्या पीडीएफ म्हणजे पानांचे नुसते फोटो, नाहीतर जुन्या फॉन्टमधला मजकूर; तिथे स्क्रीन रीडर मुका होतो. म्हणून परीक्षेआधी मी तिला वाचून दाखवायला जाऊ लागले. "तुम्हा लोकांची स्मरणशक्ती किती दांडगी असते!" असं मी एकदा कौतुकानं म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "पाठ करावं लागतं गं. अडलं की पटकन पुस्तक उघडून बघता येत नाही ना."

वाचताना मी नकाशे गाळायचे. तिला काय उपयोग, असा साधा हिशेब. पानिपतच्या प्रकरणात "सोबतचा नकाशा पाहा" हे वाक्य चुकून तोंडून गेलं आणि तिनं थांबवलं. "नकाशा आहे? मग सांग ना त्यात काय आहे." मला सांगता येईना. तेव्हा तिनं घडीची पांढरी काठी उलगडून टेबलावर उभी ठेवली. "ही यमुना. वर उत्तर. आता गावं ठेव." मी काठीच्या डावीकडे मध्यावर खोडरबर ठेवलं, ते पानिपत. त्याच्या वर पेनाचं टोपण, कुंजपुरा. खाली माझी किल्ली, दिल्ली. अब्दालीनं ऑक्टोबर १७६० मध्ये बागपतजवळ यमुना ओलांडली, ती जागा तिनं काठीवर बोट ठेवून विचारून घेतली. किल्लीच्या थोडी वर. ती दोन्ही हातांनी सगळं चाचपत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे अब्दाली मध्ये आला. आपलं सैन्य वर अडकलं, दिल्लीची वाट बंद. रसद येणार कुठून?" तोच परिच्छेद मी दोनदा मोठ्यानं वाचला होता. नकाशा डोळ्यांसमोर होता. मला हे दिसलं नव्हतं.

एवढं होऊनही मी शहाणी झाले नाही. पेपरला आम्हाला वेगळी खोली होती. तीन तासांच्या पेपरला एक तास वाढीव. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान वीस मिनिटं असंच म्हटलं होतं. ही सवलत आहे, असं मी समजत होते. सांगणं, लिहून होईपर्यंत थांबणं, मागचं वाचून घेणं, कठीण नावांची अक्षरं फोडून सांगणं यात तो तास केव्हाच संपतो, हे बसल्यावर कळलं.

महात्मा फुल्यांच्या शैक्षणिक विचारांवर प्रश्न होता. तिनं सांगितलं, "१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं." माझ्या डोक्यात वाचनातलं १८५४ अर्धवट अडकलं होतं. ताई घोटाळा करतेय असं वाटून मी १८५४ लिहिलं. तिला सांगितलं नाही. वर तिची दोन लांब वाक्यं मला बोजड वाटली, तीही छाटली. शेवटी तिनं उत्तर परत वाचायला लावलं, तेव्हा ती खुर्चीत ताठ झाली. "१८५४ हा वुडचा खलिता. मी १८८२ म्हणाले होते. आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं वाक्य कुठे गेलं?" फुल्यांच्या निवेदनातली मुख्य मागणीच मी उडवली होती. खाडाखोड करून ते पुन्हा लिहिण्यात शेवटच्या प्रश्नाचा वेळ गेला आणि तो अपुरा राहिला. त्या गुणांची भरपाई माझ्याकडे नव्हती.

बाहेर आल्यावर मी रडले. तिला माझं रडणं आवरायला लागलं, ही आणखी एक चूक. मग तिनं एकच विचारलं: "वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीनं १८८२ सांगितलं असतं, तर खोडलं असतंस?" खोडलं नसतं. सीनियर मुलींच्या नोट्स मी डोळे झाकून उतरवून घ्यायचे. आणि माझं १८५४ बरोबर असतं तरी ती कॉपीच झाली असती. रायटर परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेचा का असावा लागतो, ते मला त्या दिवशी उमगलं. तो नियम मी अंध मुलांवरचा अविश्वास समजत होते. अविश्वास ठेवण्यासारखं वागले होते मी.

पुढच्या पेपरला ताईनं पद्धत घालून दिली. स्वल्पविरामसुद्धा ती सांगणार. मला शंका आली तर मी "पुन्हा सांग" एवढंच म्हणायचं, तेही ऐकू आलं नसेल तरच.

त्या पेपरात ती पुणे करार १९३१ चा म्हणाली. येरवड्यात तो झाला १९३२ मध्ये, हे मला बारावीपासून पक्कं ठाऊक होतं. पेन थबकलं. ती वाट पाहत होती. मी १९३१ लिहिलं. परत वाचतानाही तसंच वाचलं, आवाजात काही येऊ न देता. तिच्या लक्षात आलं नाही.

जिना उतरताना ती एकदम थांबली. "पुणे करार बत्तीसचा ना? एकतीसला तर गोलमेज."

"हो."

"लिहिताना कळलं होतं तुला?"

"कळलं होतं."

"छान केलंस," ती म्हणाली आणि माझा दंड कोपराच्या वर धरून पुढची पायरी उतरली. "उद्या अर्धा तास लवकर ये. महायुद्धाचं प्रकरण राहिलंय, आणि त्यातला एकही नकाशा गाळायचा नाहीये."