कोट्टायमच्या रस्त्यावरील पाट्या

बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात आम्ही कोट्टायमला निघालो, तेव्हा चाळीतील मंडळींना वाटले की कारकुनाला बोनस मिळाला आणि त्याने केरळची सहल काढली. खरे कारण वेगळे होते. मुलीला विज्ञान शाखेत ५८ टक्के पडले होते. मैत्रिणींबरोबर तिने नर्सिंगची सीईटी देऊन ठेवली होती आणि आता ती म्हणत होती, "मी नर्सिंग करणार, मग जर्मनीला जाणार." तिच्या आईने दोन दिवस धड जेवण केले नाही. "आपल्या आजे-पणज्यांनी दुसऱ्यांची घाण उपसली. बाबासाहेबांनी ती सोडायला लावली. आता शिकलेल्या पोरीने परक्या देशात जाऊन म्हाताऱ्यांचे मलमूत्र काढायचे का?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. खोटे कशाला बोला, आम्हालाही तो प्रश्न रास्त वाटला होता.

आमच्या खात्यातून निवृत्त झालेले एक केरळी सहकारी अनेक वर्षे घरी बोलावीत होते. त्यांची मुलगी जर्मनीत नर्स आहे. म्हटले, ऐकीव गोष्टींवर भांडण्यापेक्षा डोळ्यांनी पाहून येऊ.

नेत्रावती एक्सप्रेसचे आरक्षण मे महिन्यात कुठले मिळायला! तिघांत एक बर्थ आणि दोन आर.ए.सी. कुर्ल्याहून निघालेली गाडी रत्नागिरीजवळ साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात शिरली तसे डब्यातील गप्पा थांबल्या. दुसऱ्या दिवशी एर्नाकुलमला उतरलो. ही गाडी पुढे आलप्पुळामार्गे जाते, त्यामुळे कोट्टायमसाठी तेथून दुसरी सोय पाहावी लागते. आम्ही मुद्दाम वैकमवरून जाणारी एस.टी. धरली. १९२४ साली मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालण्याचा हक्क मिळावा म्हणून जेथे वीस महिने सत्याग्रह चालला, तेच हे वैकम. मुलीला पेरियार यांचे स्मारक दाखविले. पाऊस भुरभुरत होता, तरी मुलीची आई मंदिराबाहेरच्या त्या रस्त्याने चालत एक फेरी मारून आली. काही बोलली नाही.

कोट्टायम हे १९८९ साली देशातील पहिले संपूर्ण साक्षर शहर जाहीर झाले. आपल्याकडे चौकाचौकात वाढदिवसाचे फलक असतात, तसे येथे भाषेच्या क्लासचे. जर्मन ए१, ए२, बी१, बी२. आयेल्ट्स. ओईटी, म्हणजे डॉक्टर-नर्सेससाठी असलेली इंग्रजीची परीक्षा. किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर क्लास, मेडिकलच्या मागे क्लास. संध्याकाळी छत्र्या घेऊन मुली जिन्यावरून उतरतात आणि बसथांब्यावर एकमेकींना जर्मन शब्द विचारतात. आमची मुलगी त्यांच्याकडे पाहतच राहिली.

सहकाऱ्यांचे घर शहराबाहेर रबराच्या बागेत आहे. मोठे, दोन मजली, आणि जवळजवळ रिकामे. वरच्या खोल्यांना कुलपे. मुंबईत तीस वर्षे काढल्यामुळे ते मराठी आमच्यासारखेच बोलतात. जेवताना मुलीच्या आईने मनातला प्रश्न त्यांना विचारूनच टाकला. ते हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, आमच्याकडेही असेच म्हणत. माझी थोरली बहीण नर्स झाली तेव्हा स्थळे येईनात. नर्स म्हटले की नाक मुरडायचे. पैसा दिसू लागला तसे तेच लोक स्थळ घेऊन आले." १९६० च्या सुमारास चर्चच्या ओळखीने केरळच्या गरीब घरांतील मुली जर्मनीच्या रुग्णालयांत गेल्या, तेव्हापासूनची ही वाट आहे. १९७३ नंतर तेलाचा पैसा आला आणि आखातही उघडले.

मग त्यांनी मुलीचा व्हिडिओ कॉल लावून दिला. तिने जे सांगितले ते आम्ही वहीत उतरवून घेतले, कारण एजंट हे सांगत नाहीत. भारतातील बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे. त्यानंतर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. जर्मन भाषा बी२ पर्यंत लागते. बी१ वर जाता येते, पण मग बाकीची परीक्षा तिकडे नोकरी करता करता द्यावी लागते. तेथे पोहोचल्या दिवशी कोणी नर्स म्हणत नाही. आपली पदवी तपासतात, उणीव निघाली तर परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून कमी पगारावर काम. "पहिली सात महिने मी रोज रडत होते," ती म्हणाली. रुग्णाला अंघोळ घालणे, जेवू घालणे हे तेथे नर्सचेच काम. "पण ते काम करताना मला कोणी दुरून पाणी वाढत नाही. माझ्या हातात परवाना आहे, नावापुढे हुद्दा आहे. सही माझी चालते." मुलीची आई हे ऐकताना फोनच्या अगदी जवळ सरकली होती.

या शेवटच्या वाक्यावर आम्ही परतीच्या प्रवासात बराच विचार केला. आमची बी.कॉम. सीमेपलीकडे कोण विचारणार? हिशेब आम्हाला येतो, पण त्याला परवाना नाही. परदेशी जायचे तर असे काम निवडावे की ज्याची तिकडे टंचाई आहे, ज्याची नोंदणी होते, आणि जाणे नाहीच झाले तरी इकडे पोट भरते. नर्स, आय.टी.आय. झालेला इलेक्ट्रिशियन, वेल्डर यांना हे लागू पडते. समाजकल्याणच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची माहिती हुशार मुलांनी जरूर घ्यावी. पण ती नामांकित विद्यापीठांसाठी आहे, आणि आपल्या बहुसंख्य घरांतील गुणपत्रिका ५८ टक्क्यांच्या आसपास असतात.

केरळ सरकारने १९७७ सालीच परदेशी नोकरभरतीसाठी ओडेपेक ही स्वतःची कंपनी काढली. २०२१ साली त्यांच्या नोर्का संस्थेने जर्मन सरकारच्या रोजगार खात्याशी नर्सेससाठी करार केला. त्यात उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेत नाहीत. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. करार झाला म्हणजे विमान सुटले असे मात्र कोणी समजू नये. भाषा आधी, मग बाकीचे.

एजंटांविषयी आम्ही पोळलेले आहोत. आमच्या भाच्याने वेल्डरच्या नोकरीसाठी एकाला ९०,००० रुपये मोजले, त्यात बहिणीचे मंगळसूत्र गेले. हातात आला तो भेटीचा व्हिसा. तिकडे पकडला गेला आणि रिकाम्या हाताने परतला. नंतर कळले, त्या माणसाकडे परवानाच नव्हता. १९८३ च्या कायद्याप्रमाणे भरती करणाऱ्याला केंद्र सरकारची नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते, आणि सेवाशुल्क ३०,००० रुपयांपेक्षा अधिक, जीएसटी वगळता, घेता येत नाही. दहावी नापास मुलाच्या पासपोर्टला ई.सी.आर. लागते आणि आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची परवानगी काढावी लागते. दहावी पास झाला की ही अट सुटते. नापास पोरांना पुन्हा परीक्षेला बसवा हो, निदान एवढ्यासाठी तरी. भाच्याला हे आधी सांगायला हवे होते; आम्ही युनियनच्या कामात होतो.

निघताना सहकाऱ्यांच्या पत्नी फाटकापर्यंत आल्या. त्या मल्याळीत काही बोलल्या, यजमानांनी भाषांतर केले, "मोठे घर बांधले, पण नातवाला अजून मांडीवर घेतलेले नाही. फोनवरच रांगताना पाहिला." दोघी बायका हात धरून उभ्या राहिल्या.

परतीच्या गाडीत मुलगी वरच्या बर्थवर कोट्टायमहून घेतलेले ए१ चे पुस्तक उघडून बसली होती. मडगाव सोडल्यावर आईने खालून विचारले, "पाण्याला काय म्हणतात गं तिकडे?"

"वासर."

"वासरू?"

सगळा कंपार्टमेंट हसला. थोड्या वेळाने आईने पुन्हा विचारले, "आणि आईला?"


"मुटर," मुलगी म्हणाली. आईने तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला आणि डबा उघडून चपात्या वाढायला घेतल्या.