पिशवी उघडण्याआधी

समुद्री मासा घरी आला की पिशवी कधी एकदा उघडतो असं होऊन जातं. इतका लांबून आलाय बिचारा, त्याला जरा मोकळं करावं, हेच मनात येतं. पण सगळ्या प्रवासात त्याच्या जिवाला सर्वांत जास्त धोका असतो तो याच क्षणी. बंद पिशवीत त्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि पाण्याचा पीएच उतरतो. त्याच पाण्यात त्यानं सोडलेला अमोनियाही वाढत असतो. मात्र पीएच उतरलेला असेपर्यंत त्यातला बहुतेक अमोनिया फारसा अपाय न करणाऱ्या अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवीचं तोंड सुटलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊन माशाचे कल्ले जाळतो. म्हणून लांबून आलेला मासा त्याच पाण्यात ठेवून वर तासन्‌तास थेंबथेंब पाणी सोडत बसण्याची रीत मला पटत नाही.

मी विक्रेत्याला आदल्या दिवशीच विचारून ठेवतो, तुमच्या पाण्याची क्षारता किती? दुकानातल्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व बरेचदा १.०२० च्या आसपास असतं, घरच्या टाकीतल्या पाण्याचं १.०२५. आकडे जवळचे दिसतात, पण माशाच्या शरीराला हा फरक मोठा आहे. त्याच्या अंगातलं पाणी समुद्रापेक्षा बरंच कमी खारट असतं, त्यामुळे ते सतत बाहेर ओढलं जातं. ती तूट भरायला तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. कमी खारट पाण्यातून एकदम जास्त खारट पाण्यात गेला, तर प्रवासानं थकलेल्या शरीराला हे काम झेपत नाही. म्हणून नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या, म्हणजे विलगीकरणाच्या, टाकीचं पाणीच मी पिशवीच्या क्षारतेला आणून ठेवतो. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवतो, मग उघडून मासा लगेच हलवतो. पिशवीतलं पाणी मोरीत ओततो, टाकीत एक थेंबही जाऊ देत नाही. नंतर क्षारता रोज थोडी थोडी चढवत नेतो.

विलगीकरणाची टाकी दिसायला अगदी साधी असते. तळाशी वाळू नाही, खडक नाहीत. स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. स्पंज आधी काही आठवडे मुख्य टाकीच्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या जोडटाकीत, मुरवलेला हवा, नाहीतर अमोनिया खाणारे जिवाणू त्यात नसतात. दिवा मंद ठेवायचा, तीन बाजूंना कागद लावायचा. घरातल्यांना नवा पाहुणा बघायचा असतो, हे मला ठाऊक आहे. तरी पहिले दोन-तीन दिवस लांबूनच बघा, असं मी आग्रहानं सांगतो. ब्लू टँग तर घाबरला की कुशीवर आडवा पडून राहतो. मेला समजून त्याला जाळीनं ढोसू नये.

मुख्य टाकीत जाण्याआधी मासा काही आठवडे इथेच राहतो. या आठवड्यांत अंगावरच्या ठिपक्यांपेक्षा माझं लक्ष कल्ल्यांवर असतं. ‘वेलवेट’ हा रोग, म्हणजे अ‍ॅमिलोडिनियम, आधी कल्ल्यांवरच बसतो. मासा धापा टाकतो, उजेड टाळतो, पंपाच्या झोतात तोंड धरून राहतो. अंगावर पिवळसर भुकटी दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. ‘व्हाइट स्पॉट’, म्हणजे क्रिप्टोकॅरियन, त्या मानानं सावकाश चालतो, पण फसवतो जास्त. परजीवी काही दिवस माशाच्या कातडीत राहतो, मग गळून पडतो. ठिपके जातात, मालक खूश होतो. इकडे खडकावर, काचेवर त्याची पुटी तयार झालेली असते. तिच्यातून पुढे शेकडो पिल्लं मासा शोधत बाहेर पडतात. काही पुट्या ७२ दिवसांपर्यंत टिकल्याची नोंद आहे. हा रोग मुख्य टाकीत शिरला, तर सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही, कारण प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी त्यानं मरतात. विलगीकरणाच्या टाकीत मात्र तांबं देता येतं, रोज मोजून. मात्रा कमी पडली तर रोग राहतो, जास्त झाली तर मासा जातो. टेस्ट किट नसेल तर तांब्याच्या वाटेला जाऊच नये.

आणि खाणं! जो मासा खायला लागला, त्याची माझी निम्मी काळजी मिटते. बटरफ्लायफिश मायसिसकडे, म्हणजे खाद्य म्हणून देतात त्या बारीक कोळंबीकडे, ढुंकूनही बघत नाही, तेव्हा तिसरी उघडून शिंपल्यासकट पाण्यात ठेवावी. खडकाच्या फटीतून टिपून खायची त्याला सवय असते, तो तिथे चोच घालतो. तिसऱ्या बाजारातल्या असतील तर आधी फ्रीझरमध्ये चांगल्या गोठवून घ्याव्यात. पहिल्यांदाच समुद्री टाकी करणाऱ्याला मी टाकीत पैदा झालेला क्लाउनफिशच घ्यायला सांगतो. केरळात विळिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याची पैदास कधीच बसवली आहे. त्याला माणसाच्या हातचं खाणं जन्मापासून ठाऊक असतं.

मुख्य टाकीत सोडण्याचा दिवस आला की दोन-चार खडक हलवून ठेवतो, म्हणजे जुन्या माशांच्या हद्दी मोडतात. नवा मासा आधी भोकांच्या पारदर्शक डब्यात ठेवतो, बाकीच्यांना तो दिसतो पण चावता येत नाही. डब्यातून सोडायच्या वेळी दिवे बंद करतो आणि जुन्यांना टाकीच्या दुसऱ्या टोकाला खायला घालतो. तरीही एखादा टँग त्याच्या मागे लागलाच, तर नव्याला पुन्हा पकडत बसत नाही. दांडगाई करणाऱ्यालाच काही दिवस बाहेर काढतो. परत येतो तेव्हा टाकीत तोच नवखा असतो.